पाच व्होल्टचे सहा झाले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा, मार खाल्लेला मल्टीमीटर आहे. विजेचं माप सांगणं हे माझं काम. माझ्या पोटातून दोन तारा निघतात, एक लाल, एक काळी. त्यांची टोकं जिथे टेकवाल तिथे किती व्होल्ट आहेत ते मी काचेवर आकड्यांत सांगतो. आयुष्यात मी एकाच गोष्टीबद्दल खोटं बोललो, आणि त्या खोट्यापायी एका माणसाच्या उजव्या हाताचा चुरा झाला. मोठी माणसं म्हणतील, मुलांना असलं रक्ताचं कशाला सांगायचं? सांगायचं. मारणारे सगळे एके काळी मुलंच होते, आणि त्यांना वेळेवर कुणी सांगितलं नव्हतं.

माझा जन्म नोएडातल्या एका कारखान्यात झाला. लांबच्या लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका. कुणी माझ्या आतले तुकडे डागले, कुणी तारा जोडल्या. शेवटच्या खुर्चीवरची बाई माझ्या पोटातला एक बारीक स्क्रू इकडून तिकडे फिरवत मला खरं बोलायला शिकवत होती. ती पाच व्होल्टची तार लावायची. मी चार पॉइंट नऊ म्हटलं की स्क्रू जरासा फिरवायची. मी बरोबर पाच म्हणालो तेव्हाच तिने मला खोक्यात घातलं. तिचं नाव मला कळलं नाही.

दिल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, भागीरथ पॅलेसच्या एका दुकानात मी सहा महिने खिळ्याला टांगलेला होतो. तिथून मला खंडेरावने उचललं. खंडेराव साताऱ्याकडचा. फौजेच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं ट्रक दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. बायको वारली होती, मुलगी क्षिप्रा पहाडगंजच्या मराठी शाळेत होती. तिची शाळा सुटू नये म्हणून तो गावी गेला नाही. दिल्लीतल्याच द्वारका भागात मेट्रोच्या खांबासमोर त्याने गॅरेज टाकलं.

खंडेरावचे हात सोन्याचे होते. इंजिनाच्या आवाजावरून तो सांगायचा, कुठे दुखतंय. पण शेवटचा शब्द तो मला विचारायचा. "माणूस खोटं बोलेल, मीटर नाही," असं गिऱ्हाइकाला सांगून मला शर्टाला पुसायचा. क्षिप्रा मला 'पिवळ्या' म्हणायची. अंकगणितातले दशांश ती माझ्याच काचेवर शिकली. पुढे तिने पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि बापाच्या शेजारी उभी राहून काम करू लागली.

फौजेतला एक नियम खंडेरावने तिला पहिल्याच दिवशी शिकवला होता. "मीटर आधी ओळखीच्या जागी लावायचा. गाडीच्या बॅटरीला लाव. साडेबारा म्हणाला, तर मीटर शुद्धीवर आहे. मग त्याला परक्या ठिकाणी ने."

नियम चांगला होता. माणूसही चांगला होता, असं मी म्हणेन. पण त्याचा हात सुटायचा. बोल्ट निघाला नाही की पाना भिंतीवर. गिऱ्हाईक वाद घालू लागलं की पाना गिऱ्हाइकाच्या दिशेने. लोक हसून म्हणायचे, "फौजी आहे, गरम डोक्याचा!" जणू ते एखादं पदक होतं.

एक टॅक्सीवाला आला होता. त्याच्या गाडीचा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जळालेला होता. मी आकडा दाखवला, खंडेरावने निकाल सांगितला. टॅक्सीवाला म्हणाला, "ताऊ, तुम मिस्त्री कम, चोर ज़्यादा हो." खंडेरावच्या हातात त्या वेळी मी होतो. त्याने मलाच फेकलं. टॅक्सीवाला वाकला, मी त्याच्या डोक्यावरून गेलो आणि जॅकच्या लोखंडावर आपटलो. माझ्या काचेचा वरचा उजवा कोपरा फुटला. खंडेरावने त्यावर काळी चिकटपट्टी मारली.

"बाबा, पट्टीखाली काय दिसायचं ते तरी आठवतंय का?" क्षिप्राने विचारलं.

"आकडे दिसतात ना? बस."

पट्टीखाली माझ्या बॅटरीचं चिन्ह होतं, मित्रांनो. माझ्याही पोटात एक चौकोनी बॅटरी असते. ती थकली की त्या कोपऱ्यात छोटंसं चित्र उमटतं. ती माझी हाक असते, की आता माझ्यावर विश्वास ठेवू नका. ज्या हाताने मला फेकलं त्याच हाताने माझी हाक बुजवली. आणि लक्षात ठेवा, बॅटरी थकली म्हणून माझ्यासारखा मीटर गप्प बसत नाही. तो बोलत राहतो. उलट चढवून बोलतो. पाचाला सहा म्हणतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही.

आता भाऊसाहेबांकडे येतो. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ जवळच्याच सोसायटीत राहायचे. आठ वर्षांची डिझेल गाडी होती त्यांची. दिल्लीत दहा वर्षं झाली की डिझेल गाडीला घरघर लागते, तिच्यावर बंदीच येते, म्हणून उरलेली दोन वर्षं ते तिला म्हाताऱ्या बैलासारखं जपत होते. बाजारात इतके मिस्त्री असून ते खंडेरावकडेच यायचे. "आपला माणूस आहे," म्हणायचे. दोघं एकाच मंडळाच्या गणपतीला आरतीला उभे राहायचे.

एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी खंडेरावने त्यांना एअर फिल्टरच्या डब्यापुढचा पाइप दाखवला होता. "ह्याच्या आत सेन्सर आहे, भाऊसाहेब. हे गाडीचं नाक. ह्याला जपा."

हे नाक कसं काम करतं ते सोपं आहे. आत केसाएवढी बारीक तार असते, ती सतत तापवलेली असते. इंजिन हवा ओढतं तशी ती तार गार होते. जितकी हवा जास्त, तितका तिला पुन्हा तापवायला करंट जास्त. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर ओळखतो, किती हवा आत आली, आणि तेवढंच डिझेल सोडतो. त्या तारेवर कसली पुटं चढली की तिला वारा लागत नाही. ती म्हणते, हवा कमी आहे. कॉम्प्युटर डिझेल आवळतो. गाडीचा दम तुटतो.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी भाऊसाहेब गाडी घेऊन आले.

"अहो खंडेराव, हिला दम लागतोय. रेस दिली की नुसती घुरघुरते, पळत नाही."

क्षिप्राने आपल्या फोनला जोडलेलं छोटं यंत्र गाडीत खुपसलं. "बाबा, कोड आलाय. हवेच्या मापात गडबड आहे म्हणतोय."

"कोड म्हणजे तक्रार. तक्रार कुणीही करतं. निकाल मीटर देतो. आण इकडे."

भाऊसाहेब शेजारी उभं राहून कोजागिरीच्या वर्गणीबद्दल बोलत होते. खंडेराव हं हं करत होता. बोलण्याच्या नादात त्याने मला गाडीच्या बॅटरीला लावलंच नाही. थेट सेन्सरच्या तारेवर टेकवलं. क्षिप्राने आत बसून रेस दिली. माझ्या पोटातली बॅटरी त्याच आठवड्यात थकली होती. तार खरं तर तीन पॉइंट एक म्हणत होती. चांगला सेन्सर साडेतीनच्या पुढे जातो. मी म्हणालो, तीन पॉइंट सात.

"तीन पॉइंट सात! ऐकलंत भाऊसाहेब? नाक ठणठणीत आहे. डिझेलचा फिल्टर चोंदला असणार."

क्षिप्रा गाडीतून उतरून माझी काळी तार गुंडाळू लागली. "बाबा, तुम्ही आधी बॅटरीला लावला नाहीत मीटर. आणि सेन्सर एकदा काढून बघू ना. दोन स्क्रू तर आहेत. दोन मिनिटं लागतील यार."

खंडेरावने तिच्या कानाखाली मारली.

बावीस वर्षांची मुलगी. भर गॅरेजमध्ये, गिऱ्हाइकासमोर. माझी काळी तार तिच्या हातात होती, ती तिच्या बोटांतून गळून इंजिनावर पडली. "बापाला शिकवतेस? चार लोकांत?" तो म्हणाला. आवाज मोठासा नव्हता. त्याला तर तो आपला हक्कच वाटला.

भाऊसाहेबांनी घसा खाकरला. "जाऊ द्या हो. पोर आहे. आजकालच्या मुलींना जरा घाई असते."

 क्षिप्राचा गाल लाल झाला होता, तो तसाच घेऊन तिने डिझेलचा फिल्टर बदलला. माझा तो खोटा आकडा अजून खरा धरलेला होता. जी मुलगी बरोबर होती तिला मार मिळाला, आणि जो मीटर चुकला होता त्याला शर्टाला पुसून खिळ्याला टांगलं.

नऊ दिवस गेले. सकाळचे साडेअकरा असतील. क्रेनला टांगलेली भाऊसाहेबांची गाडी आली. पुढची काच फुटलेली, एक आरसा तुटून लोंबतोय. क्रेनच्या मागून दुसऱ्या गाडीतून चौघं उतरले. पुढे होता भाऊसाहेबांचा मुलगा अंशुमन, गुरुग्रामच्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला. कपाळावर टाके, वरचा ओठ सुजलेला, पुढचा एक दात नाही. त्याच्या शेजारी त्याचा मित्र धवल, हातात हॉकी स्टिक. आणखी दोघं होते, त्यांची नावं मला कळली नाहीत. असल्या दोघांची नावं कधीच कळत नाहीत.

"काका म्हणायचो मी तुला!" अंशुमन ओरडला.

"काय झालं ते तरी..."

"सांगतो. बिल्कुल सांगतो." त्याने खंडेरावची कॉलर धरली. "ऑफिसला चाललो होतो. फ्लायओव्हरवर चढताना गाडी मेली. ऐंशीवरून वीसवर. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय, दाबतोय, ती उठतच नाही! मागच्या गाडीने ब्रेक मारला, कसाबसा वाचलो. त्यातून तीन जण उतरले. मला वाटलं, मदत करतील. खिडकीतून ओढलं मला. इथे मारलं."

त्याने खंडेरावच्या कपाळावर मारलं.

"मग इथे."

तोंडावर.

"मग खाली पाडलं, और यहाँ!"

बरगडीत लाथ बसली.

मी खिळ्यावरून पाहत होतो. फ्लायओव्हरवर काय झालं ते मी पाहिलं नव्हतं. पण त्या तीन माणसांनी कुठे कुठे मारलं याचा नकाशा अंशुमनने खंडेरावच्या अंगावर काढून दाखवला. मार असाच फिरतो, मित्रांनो. ज्याने दिला त्याला परत करता येत नाही, म्हणून जो सापडेल त्याच्या अंगावर उतरवतात.

खंडेराव उठला. फौजी होता तो. त्याची मूठ धवलच्या तोंडावर बसली, ओठ फाटला, रक्ताची चूळ जमिनीवर पडली. दुसऱ्याच क्षणी हॉकी स्टिक त्याच्या गुडघ्यावर आली. तो टायरच्या ढिगावर कोसळला. क्षिप्रा मध्ये धावली, तिला एकाने वेणीला धरून मागे खेचलं. समोरच्या दुकानांतून माणसं बाहेर आली. सात-आठ फोन वर झाले. मध्ये कुणी पडलं नाही. सगळे व्हिडिओ काढत होते.

"क्रेनवाल्याने मशीन लावून बघितलं," अंशुमन धापा टाकत म्हणाला. "तो म्हणाला, सेन्सर डेड. आणि तू पप्पांना काय सांगितलंस? ठणठणीत! म्हणजे तेव्हा ओरिजनल होता. तू काढून घेतलास आणि डुप्लिकेट बसवलास!"

खंडेरावने तोंडातलं रक्त थुंकलं. "चोर नाही मी. मारायचं तर मग मारा. आधी मीटर बघा. तुमच्यासमोर लावतो."

धवल हसला. "चल, दिखा. और अंकल, हाथ अंदर ही रखना." त्याने बॉनेट उघडलं, टेकूची सळई काढून फेकून दिली आणि बॉनेट स्वतःच्या हाताने वर धरून उभा राहिला. ते वीसेक किलोचं झाकण खंडेरावच्या मनगटांवर लटकत होतं.

क्षिप्राला गाडीत बसवलं, रेस द्यायला. मला मडगार्डवर ठेवलं. बॉनेट उघडं असल्यामुळे तिला समोरचं काहीच दिसत नव्हतं. बापाचे फक्त बूट, तेही वाकून पाहिलं तर.

इंजिन सुरू झालं. खंडेरावने सेन्सरच्या तारेला माझं लाल टोक लावलं. "रेस दे."

मी पुन्हा म्हणालो, तीन पॉइंट सात.

"बघ. बघ डोळ्यांनी. सेन्सर चांगला आहे."

"मग गाडी का मेली?" अंशुमन किंचाळला. "मला का मारलं त्यांनी?"



गाडीतून क्षिप्राचा आवाज आला. रडवेला होता, पण नीट होता. "बाबा! पाच व्होल्टच्या तारेला लावा! तिथे पाचच असतात, फिक्स असतात! ते बघा आधी!"

सेन्सरला कॉम्प्युटरकडून एक तार येते. तिच्यावर पाच व्होल्ट असतात. थंडी असो, ऊन असो, पाच. माझ्या जन्माच्या दिवशी त्या बाईने मला जे शिकवलं होतं, तेच ते पाच. खंडेरावने लाल टोक तिकडे सरकवलं.

मी म्हणालो, सहा.

खंडेरावचा चेहरा माझ्या काचेपासून वीतभर लांब होता. मी तो बदलताना पाहिला. त्याला एका क्षणात सगळं कळलं. पाचाचे सहा होत नाहीत. म्हणजे तीन पॉइंट सातही खोटे. म्हणजे नऊ दिवसांपूर्वीचेही खोटे. म्हणजे पोरगी बरोबर होती.

त्या क्षणी तो गप्प बसला असता तर? माझ्याकडे बोट दाखवून 'बघा, सगळं ठीक आहे' म्हणत राहिला असता, तर कदाचित दोन लाथा खाऊन सुटला असता. पण त्याने खरं सांगितलं.

"थांबा," तो म्हणाला. "मीटर चुकतोय. चूक माझी आहे. दोन मिनिटं थांबा, मी..."

"अब बोल रहा है मीटर गलत है!" धवल म्हणाला.

"दोन मिनिटं, अंशुमन. बॅटरी बदलतो, मग..."

अंशुमनने बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि अंगातला सगळा जोर लावून ते खाली दाबलं.

खंडेरावने डावा हात ओढून घेतला. उजवा राहिला. कुलपाच्या लोखंडी आकड्यावर चार बोटं आडवी होती. मित्रांनो, मी गॅरेजमध्ये पुष्कळ आवाज ऐकलेत. सुकं लाकूड मोडावं तसा तो आवाज होता, पण ओला. मग खंडेरावचा आवाज आला, तो मी सांगू शकत नाही. अंशुमन तरीही दाबतच होता. तो खंडेरावकडे बघत नव्हता. त्या फ्लायओव्हरवरच्या तिघांकडे बघत होता.

क्षिप्राने इंजिन बंद केलं, दार उघडून आली, अंशुमनला खांद्याने धडक देऊन बाजूला पाडलं आणि बॉनेट उचललं. खंडेराव गुडघ्यांवर बसला. मधली दोन बोटं भलत्याच बाजूला वळली होती आणि चौथ्या बोटाचं पांढरं हाड दिसत होतं. तिने स्वतःची ओढणी त्याच्या हाताला गुंडाळली.

"चला बाबा. हॉस्पिटलला."

"आधी सेन्सर काढ."

"बाबा, वेडे झालात का?"

"काढ! हे मला चोर म्हणून सोडून जातील, क्षिप्रा. आत्ता काढ. सगळ्यांसमोर."

तिने माझी चिकटपट्टी नखाने ओरबाडली. खाली फुटक्या काचेत ते चिन्ह मिणमिणत होतं. शेजारच्या इलेक्ट्रिकवाल्याने, इतका वेळ फोन धरून उभ्या असलेल्या त्याने, आता कुठे दुकानातून नवी बॅटरी आणून दिली. तिने ती बसवली आणि मला आधी गाडीच्या बॅटरीला लावलं. साडेबारा. पाचाच्या तारेला लावलं. पाच. मग इंजिन सुरू करून, एका हाताने मला धरून, इलेक्ट्रिकवाल्याला रेस द्यायला लावून, सेन्सरच्या तारेला लावलं. तीन पॉइंट एक. आकडा मोठ्याने म्हणाली. मग इंजिन बंद करून तिने दोन स्क्रू काढले. घड्याळ लावून सांगतो, बॅटरी आणि स्क्रू मिळून दोन मिनिटांच्या वर गेली नसतील.

सेन्सर तिने उन्हात धरला. कारखान्याचा शिक्का त्यावर होता. आठ वर्षांपूर्वीचा, गाडीच्याच वयाचा. आत ती बारीक तार होती, आणि तिच्यावर लाल खरपुडी जळून घट्ट बसली होती.

"डुप्लिकेट नाही आहे हा," क्षिप्रा म्हणाली. "तुमचाच आहे. पण हे लाल काय आहे?"

धवल म्हणाला, "ज़ंग है."

"ज़ंग ऐसा नहीं होता."

एवढ्यात ई-रिक्षातून भाऊसाहेब उतरले. मुलगा मित्रांना घेऊन गेलाय हे कळल्यावर ते धावत आले होते, पण ई-रिक्षा जितकी धावते तितकंच. त्यांनी खंडेरावचा हात पाहिला, मुलाचा चेहरा पाहिला, आणि मग तो सेन्सर. चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिला.

"कुंकू आहे ते," ते म्हणाले.

कुणालाच कळलं नाही. त्यांनी हळूहळू सांगितलं. "खंडेनवमीला... आमच्याकडे हत्यारं पुजतात. आता माझ्याकडे कसलं हत्यार? गाडीच. तुम्हीच म्हणाला होतात, हे गाडीचं नाक आहे, जपा. म्हटलं, नुसतं बॉनेटला कुंकू लावण्यापेक्षा... डबा उघडला. देवासमोरच्या तेलात कुंकू कालवलं, आणि पाइपात बोट घालून..." त्यांनी बोट पुढे करून दाखवलं. "चांगलंच केलं असं वाटलं होतं मला."

अंशुमन फुटपाथवर बसला. "पप्पा," एवढंच म्हणाला. त्याचे तिघं मित्र हळूच आपल्या गाडीकडे सरकू लागले. मग त्याने खंडेरावकडे पाहिलं. "सॉरी काका."

क्षिप्राने चाकं खोलायचा लांब पाना उचलला. ती अंशुमनसमोर जाऊन उभी राहिली आणि तो दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. फोन पुन्हा वर झाले. खरं सांगतो मित्रांनो, आजवर तुम्हाला सुविचार सांगत आलेल्या वस्तूंसारखा मी नाही. मला वाटलं, हाण.

पण मागे खंडेराव चक्कर येऊन पडला. तिने पाना टाकला आणि बापाकडे धावली.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात मला एका पारदर्शक पिशवीतून नेलं. खंडेरावचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक बोट गेलं, उरलेली वळतील की नाही सांगता येत नाही. भाऊसाहेब आमच्या आधीच येऊन बाकावर बसले होते.

"खंडेराव, आपण एका मंडळाची माणसं. परक्या गावात आपसात..." त्यांनी हात जोडले. "त्याची नोकरी जाईल हो. पोर आहे."

क्षिप्राने त्यांच्याकडे पाहिलं. हेच शब्द तिने त्यांच्या तोंडून एकदा आपल्याबद्दल ऐकले होते. 

"पाच मिनिटांत समझौता लिखवा देता हूँ," टेबलामागचा हवालदार म्हणाला. "किस झंझट में पड़ रहे हो, फ़ौजी."

"तक्रार लिही, क्षिप्रा," खंडेराव म्हणाला. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो मराठीत सांगत होता आणि ती हिंदीत लिहीत होती. चौघांनी काय केलं ते सगळं त्याने सांगितलं. हॉकी स्टिक, वेणी, टेकूची सळई, बॉनेट. मग म्हणाला, "आता पुढे लिही. मीटरची बॅटरी संपली होती. मी तपासली नाही. काच मीच फोडली होती, रागात. माझं निदान चुकलं."

हवालदाराने कपाळाला हात लावला. "अरे, इससे तो तुम्हारा ही केस कमज़ोर होगा!"

"लिही. आणि लिही की माझ्या मुलीने मला त्याच दिवशी सांगितलं होतं, सेन्सर उघडून बघा. मी तिला मारलं."

क्षिप्राचं पेन थांबलं. "बाबा, ते लिहायची गरज नाहीये."

"आहे."

"लोक वाचतील. कोर्टात वाचून दाखवतील."

"म्हणूनच," खंडेराव म्हणाला. "त्याने मला मारलं ते लिहायचं आणि मी तुला मारलं ते गिळायचं, असं कसं? लिही."

तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं. सही करायला त्याचा उजवा हात नव्हता. वीस वर्षं फौजेच्या रजिस्टरवर झोकात सही करणाऱ्या माणसाने डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. भाऊसाहेब बाकावरून उठून बाहेर गेले.

तेव्हापासून मी मालखान्यात आहे. पुराव्याची वस्तू म्हणून माझ्यावर चिठ्ठी लावली आहे. वर चोरीच्या सायकली, खाली दारूच्या बाटल्या, मध्ये मी. खटला सुरू आहे, तारखा पडताहेत. कधीतरी एक शिपाई येतो, पिशवी हलवून बघतो आणि परत टाकतो. मला कंटाळा येत नाही, पण एक भीती वाटते. घाईत क्षिप्राने माझ्या पोटातली नवी बॅटरी काढली नाही. न वापरता पडून राहिलेली बॅटरी एक दिवस फुगते, गळते, आणि आतल्या तारा खाऊन टाकते.

म्हणून विनंती करतो, मित्रांनो. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल, तर त्याच्या पोटातली बॅटरी काढून ठेवा. त्याच्या काचेचा कुठलाच कोपरा झाकू नका. त्याला अनोळखी जागी नेण्याआधी ओळखीच्या जागी लावून बघा. आणि तुमचा स्वतःचा हात कुणावर उचलला जाईल, तेव्हा समोरचा माणूस म्हणेल, "दोन मिनिटं थांबा." त्याला ती दोन मिनिटं द्या. तो तुमचा शत्रू असो की तुमची मुलगी. तारेवरचं कुंकू सेन्सर साफ करायच्या फवाऱ्याने धुऊन जातं. खंडेरावची बोटं अजून वळलेली नाहीत.

आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी पोलीस झालं आणि या ठाण्यात आलं, तर मधल्या फळीवर पारदर्शक पिशवीत मी पिवळा दिसेन. ती उघडा, माझं मागचं झाकण काढा आणि बॅटरी बाहेर ठेवा. माझी साक्ष अजून व्हायची आहे.